विचारलं तेवढंच

बिराजदार साहेब कधी खोटं बोलले नाहीत. कुणाची म्हणाल त्याची शपथ घेऊन हे सांगायला मी तयार आहे. लातूरच्या एका डाळमिलच्या टाइम ऑफिसात सव्वातीन वर्षं मी त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसलो. एवढ्या काळात त्यांच्या तोंडून एक खोटा शब्द, एक शिवी, एक चढा आवाज ऐकला नाही. गेटवरच्या वॉचमनपासून डाळ निवडणाऱ्या बायकांपर्यंत सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. पहिले तीन-चार महिने मीही म्हणायचो. आता कुणी कुणाला देवमाणूस म्हणालं की माझा हात आपोआप खिशावर जातो.

दिसायला ते कुणाच्याही मामासारखे होते. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी मूर्ती, पांढरा हाफ शर्ट, शर्टाची इस्त्री संध्याकाळी सहालाही जागच्या जागी. खिशात चौकोनी घडीची दस्ती. टेबलावर तीन वस्तू असायच्या. पाण्यात भिजवलेल्या स्पंजची एक वाटी, अर्धं कापलेलं लिंबू आणि गुळाच्या खड्यांचा एक छोटा डबा. स्पंज आणि लिंबू बायकांच्या अंगठ्यांसाठी होतं. दिवसभर तुरीच्या डाळीतून खडे आणि काळे दाणे वेचून त्या बायकांच्या अंगठ्यांवरच्या रेषा पुसून जायच्या, आणि हजेरीचं मशीन त्यांना ओळखायचं नाही. मग साहेब स्वतः उठायचे, "ये माय, इकडं आण" म्हणत तिचा अंगठा आपल्या हातात घ्यायचे, लिंबानं चोळायचे, स्पंजावर ओला करायचे, दस्तीनं टिपायचे आणि हलकेच मशीनवर दाबायचे. मशीन पींऽ करायचं. ती बाई हसायची. सख्ख्या भावानं कधी हात धरला नसेल इतक्या मायेनं ते धरायचे, आणि ती माया खोटी होती असंही मला म्हणता येत नाही.

गूळ मात्र त्यांच्या एकट्यासाठी होता. त्याचं सांगतो पुढे.

मी नांदेडचा. वडील शाळामास्तर, मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेला. ओळखीनं ही नोकरी लागली. पहिल्या दिवशी साहेबांनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि ते बाजूला ठेवून मला 'नांदेडकर' करून टाकलं. मी "काम करून राहिलो" म्हणालो की त्यांना गंमत वाटायची. "आमच्यात करलालोय म्हणतेत," ते म्हणायचे. "तुमचं आपलं निवांत."

मी लागलो त्याच महिन्यात हजेरीची वही गेली आणि पुण्याहून सॉफ्टवेअर आलं. मालकांनी एक नियमही आणला. रोजच्या आठ तासांवर जास्त काम केलं तर ते तास जमा राहतील आणि आठ तास जमले की एक दिवसाची सुट्टी मिळेल. ऐकायला छान होतं. घरात लग्न असतं, आजारपण असतं, बायका खूष झाल्या. अंगठा लावला की गेटच्या पडद्यावर हिरव्या अक्षरात जादा तासांचा आकडा यायचा. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा तो आकडा वाचायला शिकली.

सॉफ्टवेअर शिकवायला आलेला पोरगा दोन दिवस राहून गेला. तिसऱ्या दिवशी साहेबांना त्या पोरापेक्षा जास्त कळत होतं. आठवडाभर ते घरी जातानासुद्धा तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत जायचे. मग एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवून माझी परीक्षा घेतली.

"शिल्लक म्हंजे काय, नांदेडकर?"

"जादा केलेले तास, साहेब."

"न्हाई. ते केलेले तास. ते गेटावर हिरवे दिसतेत." त्यांनी माऊस सरकवून दुसरा रकाना दाखवला. "हे मंजूर तास. सुपरवायझरनं सात दिवसांच्या आत बटन दाबलं तरच केलेला तास मंजूर होतोय. न्हाई दाबलं तर तो केलेल्यात ऱ्हातोय, पर सुट्टीला चालत न्हाई. कधीच न्हाई. शिल्लक म्हंजे हा रकाना. आन हा गेटावर दिसत न्हाई."

"मग सुपरवायझर दाबतो ना बटण?"

"आठवण केली तर दाबतोय. त्याला काय दुसरे धंदे न्हाईत व्हय?"

"बायकांना हे माहीत आहे?"

साहेबांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "त्यांनी इचारलं का?"

मी म्हणालो, विचारायला आधी माहीत तर पाहिजे. ते मान डोलवत म्हणाले, "इचारलं तेवढंच सांगावं, नांदेडकर. जास्ती सांगणारा माणूस चहाडखोर होतोय." मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं. नव्या नोकरीत वरिष्ठाचं बोलणं शहाणपणाचंच वाटतं.

त्या शहाणपणाचा अर्थ मला गफारभाईच्या वेळी कळला. गफारभाई बॉयलरवर होता. त्याची पाळी चारला सुटायची, पण पुढच्या पाळीचा माणूस बसनं यायचा आणि बस रोज उशीर करायची. बॉयलर सोडून जाता येत नाही, म्हणून गफारभाई रोज चार वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत थांबायचा. वर्षभर थांबला. आणि सॉफ्टवेअरमध्ये असं होतं की अर्ध्या तासाच्या आतलं जादा काम धरायचंच नाही. एकोणतीस मिनिटं म्हणजे शून्य.

साहेबांना हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. ते रोज चार वाजून दहा मिनिटांनी हातात चहाचे दोन ग्लास घेऊन बॉयलरकडे जायचे, गफारभाईशी गप्पा मारायचे, त्याच्या पोराची चौकशी करायचे आणि बदली माणूस आला की परत यायचे. मला वाटायचं, काय जीव आहे या माणसाला. गफारभाई नोकरी सोडून हैदराबादला मुलाकडे निघाला त्या दिवशी त्यानं ऑफिसात येऊन विचारलं, "साब, वो मेरा रोज का पच्चीस मिनट कितना जमा हुआ?"

"कुछ नै हुआ, गफारभाई," साहेब म्हणाले. "आधे घंटे के अंदर का धरतेच नै. रोज पाच मिनट और रुकते, तो साल का डेढसौ घंटा होता."

गफारभाईनं साहेबांना मिठी मारली. "आप नै होते तो ये बी कौन बताता?" म्हणाला आणि डोळे पुसत गेला. तो गेटाबाहेर पडल्यावर साहेबांनी डबा उघडला, गुळाचा एक खडा तोंडात टाकला आणि खुर्चीला टेकून तो सावकाश विरघळू दिला. मी तेव्हा पहिल्यांदा तो डबा नीट पाहिला. त्यानंतर लक्ष ठेवलं. कुणी न विचारता गेलं, किंवा फार उशिरा विचारून गेलं, की डबा उघडायचा. एरवी नाही.

यातून त्यांना काही मिळत असतं तर मला ते समजलं असतं. मालक शाबासकी देत होते असंही नाही, मालकाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. साहेबांना एका पैचा लाभ नव्हता. त्यांना फक्त तो खडा गोड लागायचा. मी बऱ्याच वाईट माणसांना जवळून पाहिलंय, पण बाकीच्यांना काहीतरी हवं होतं. या माणसाला काही नको होतं, आणि म्हणून मला त्याची भीती वाटायला लागली.

मग येळवस आली. लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, इतरांसाठी सांगतो. वेळ अमावस्येला इकडचं गावच्या गाव शेतात जातं. शहरात कुत्रंही दिसत नाही. शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल घेऊन माणसं शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि दिसेल त्याला बोलावून जेवायला घालतात. मिलला त्या दिवशी पिढ्यान्‌पिढ्या सुट्टी, तीसुद्धा न सांगता. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. पण पुण्याच्या सॉफ्टवेअरला येळवस कुठून माहीत असणार?

त्या दिवशी साहेबांनी मला औशाजवळच्या त्यांच्या शेतात नेलं. त्यांच्या बायकोनं आग्रह करकरून वाढलं. मी तिसरा उंडा नको म्हणालो तर साहेबांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात कुस्करला आणि वर भज्जी ओतली. जेवण झाल्यावर आंबिलीचा लोटा हातात घेऊन ते कोपीसमोर पाय पसरून बसले आणि आभाळाकडे पाहत म्हणाले, "आत्ता ह्या टायमाला आपल्या मिलमधल्या दोनशे माणसांचे आठ-आठ तास उडून चालले बघ."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सुट्ट्यांच्या यादीत येळवस नाही, म्हणून मशीननं आज सगळ्यांना गैरहजर धरलंय आणि प्रत्येकाच्या जमा तासांतून एक दिवस कापलाय. यादीत सुट्टी घालायचं काम त्यांचंच होतं.

"साहेब, मग घालून टाका ना."

"घालू की. इचारू दे."

दुसऱ्या दिवशी बायका अंगठा लावून गेल्या. हिरवा आकडा आठानं उतरलेला होता. चौदा जणींनी खिडकीशी येऊन विचारलं. साहेबांनी त्या चौदाही जणींचे तास तिथल्या तिथे, हसतमुखानं परत केले. बाकीच्यांनी आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून मान खाली घातली. मशीन खोटं कशाला बोलेल, अशीच सगळ्यांची समजूत होती. महिना संपला तेव्हा साहेब मला म्हणाले, "नांदेडकर, तुझे बी आठ गेले. तू तर शेतात माझ्या शेजारी बसून ऐकलास. तरी इचारलं न्हाईस." आणि डबा उघडला.

आता कौसल्याबाईचं सांगतो. हे सांगायचं नव्हतं म्हणूनच इतका वेळ बाकीचं सांगत बसलो.

कौसल्याबाई निवडीच्या पट्ट्यावर होती. चाळिशी उलटलेली, नवरा गेलेला. एकच मुलगी, रुक्मिण. ती मुदखेडला दिलेली. जावई ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. रुक्मिणला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिला प्रवासाची मनाई केली. सासू नाही, नणंद नाही. "लेक येऊ शकत न्हाई तर मायनंच जायाचं," कौसल्याबाई म्हणाली. बाळंतपणाआधी चार-पाच दिवस, मग पाचवीची पूजा उरकून दोन दिवस वर. असे तिनं बारा दिवस बोटांवर मोजले आणि दसऱ्यापासून रोज दोन तास जास्त थांबायला लागली.

पाळी सुटली की ती आमच्या खिडकीशी यायची. साहेब तिचा अंगठा ओला करून द्यायचे.

"किती झालं साहेब?"

"छप्पन, माय."

"बारा दिवसाला किती लागतेत?"

"बारा आठं शहाण्णव."

"म्हंजे अजून चाळीस."

"बरोबर."

"समदे माझेच हायेत ना हे?"

"तुझेच की. दुसऱ्या कुणाचे?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पुन्हा वाचून पाहा.

मार्गशीर्षात ती शहाण्णववर पोचली. त्या दिवशी तिनं मशीनसमोर उभं राहून आकड्याला हात जोडले. मी आत तिचं पान उघडून पाहिलं. केलेले शहाण्णव, मंजूर चाळीस. सुपरवायझरनं कधी दुसऱ्या कुणासाठी बटण दाबताना हिचंही दाबलं असेल तेवढंच. चाळीस म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांनंतर ती मंजुरीशिवाय गैरहजर. आणि सलग सात दिवस मंजुरीशिवाय गैरहजर राहिलं की नाव आपोआप बंद. पाच आणि सात बारा. तिनं बोटांवर मोजलेले बारा दिवस बरोबर तिथे जाऊन संपत होते.

"साहेब, हिचे चाळीसच आहेत."

"हाव."

"तिला सांगायला पाहिजे."

"मग सांग की. कोन धरलंय तुला?" ते लिंबाची नवी फोड कापत होते. "तुझा कायम व्हायचा कागद कवा जाणार हाय मालकाकडं? पुढच्या महिन्यात न्हाई का?"

त्या कागदावर शिफारशीची सही त्यांची होती. त्यांनी मला धमकी दिली असं मी म्हणणार नाही, त्यांनी फक्त तारीख विचारली. नांदेडला वडिलांनी आधीच सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं की पोरगा कायम झाला. मी माझ्या टेबलावर जाऊन बसलो.

कौसल्याबाईनं अर्ज आणला. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेला, खाली अंगठा, आणि लागलंच तर म्हणून रुक्मिणचा फोन नंबर.

"अर्ज घेतला का साहेब?"

"घेतला, माय."

"जाऊ मग मी?"

"जा की. लेकीला संभाळ."

ती पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिला वरच्या वर धरलं.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तिच्या नावापुढे लाल खूण आली. साहेब रोज सकाळी आल्या आल्या तिचं पान उघडायचे, देवपूजेसारखं. "आज दुसरी," म्हणायचे. "आज चौथी." मी मान वर करायचो नाही. रात्री मला झोप यायची हेही सांगून टाकतो, उगीच मोठेपणा नको.

सहावी लाल खूण आली त्या दुपारी मी भुश्शाच्या गोदामामागे गेलो आणि अर्जावरचा नंबर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेटावर उभी असती तर नाव बंद होण्यापासून वाचलं असतं. फोन कौसल्याबाईनंच उचलला. मागे बाळ रडत होतं.

"मिलमधून बोलतोय. टाइम ऑफिसातला."

"नांदेडकर साहेब? नात झाली हो! लई गोरी हाय! काल पाचवी झाली. बिराजदार साहेबाला सांगा, त्यांच्यामुळं घडलं सगळं." मग ती थांबली. "काय काम होतं का साहेब?"

मी भिंतीकडे पाहत होतो. भिंतीवर डाळीचा पिवळा धुरळा बसलेला होता.

"नाही," मी म्हणालो. "सहज केला." आणि फोन ठेवला.

एक शब्द पुरला असता. तिनं विचारलं होतं. त्या दोन वर्षांत एवढं नेमकं कुणीच विचारलं नव्हतं, आणि मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. कायम होण्याचा कागद हे कारण आहेच. पण तिचा आवाज इतका आनंदाचा होता की तो मोडायचं पाप आपल्या माथी नको, असंही वाटलं. भित्र्या माणसाला अशी गोड कारणं पटापट सुचतात.

तेराव्या दिवशी सकाळी ती आली. हिरवं नवं लुगडं, हातात पेढ्यांचा खोका. मुलगी झाली तरी तिनं पेढेच आणले होते. पहिला पेढा साहेबांना. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, "नाव काय ठेवलं?" विचारलं आणि सगळा खाल्ला. दुसरा मला. मी तो हातात धरून बसलो.

मग तिनं मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं ओळखलं नाही. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. ती हसली, स्पंजावर अंगठा भिजवला, पदराला पुसला, ठेवला. जमेना. लिंबू चोळलं. जमेना. मागे रांग लागली. बाकीच्या बायका तिच्या बाजूनं हात घालून आपला अंगठा लावून आत जायला लागल्या. मशीन त्यांच्यासाठी पींऽ करत होतं आणि तिच्यासाठी करत नव्हतं. मी मोजत नव्हतो, पण दहा-बारा वेळा तरी तिनं तो अंगठा दाबला असेल. साहेब समोर बसून पाहत होते.

"मशीन बिघडलं का साहेब?"

"न्हाई, माय. मशीन चांगलं हाय."

"मग माझाच अंगठा गुळगुळीत झाला. बारा दिवस नातीला तेल लावून लावून."

तो प्रश्न नव्हता, म्हणून साहेबांनी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा स्पंज घेतला. रांग संपली, पाळीचा भोंगा झाला. शेवटी तिनं विचारलं, "तशीच आत जाऊ का?"

"न्हाई, माय. नाव बंद झालंय तुझं." त्यांनी खणातून तयार कागद काढला. तो त्यांनी सकाळीच छापून ठेवला होता. मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. केलेले, मंजूर, पाच, सात. कुठेही न चिडता, दोनदा सांगितलं. बंद झालेलं नाव सहा महिने उघडत नाही, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. "शहाण्णव होते ना?"

"होते."

"माझेच होते ना?"

"तुझेच."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस, माय."

ती रडली नाही. तिनं हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पेढा माझ्या हातात होता.

"तुमाला तर इचारलं होतं मी," ती म्हणाली. "फोनवर."

तिनं खोक्याचं झाकण लावलं, कागद घडी करून कमरेला खोचला आणि गेटाबाहेर गेली. पुढे ती कुठे कामाला लागली, लागली की नाही, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही.

साहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट होती. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"काय इचारली ती फोनवर?"

मी सांगितलं.

"आन तू न्हाई म्हणलास?"

मी मान हलवली. त्यांनी दस्ती काढली, तोंड पुसलं आणि घडी पुन्हा चौकोनी केली. "खोटं बोलू नये, नांदेडकर," ते म्हणाले. "मी असतो तर सांगितलो असतो." आणि मला पक्कं माहीत आहे की त्यांनी सांगितलं असतं.

माझा कागद पुढच्या महिन्यात मालकाकडे गेला. शिफारस उत्तम होती. मी कायम झालो, आणि वर्षभरानं नांदेडला दुसरीकडे लागून लातूर सोडलं. साहेबांनी निरोपाला टॉवेल-टोपी दिली.

ते पुन्हा दिसले गेल्या वर्षी, नांदेडमध्येच. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी माझ्या वडिलांच्या हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रावर, एका मोठ्या हॉलमध्ये गेलो होतो. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे अंगठा लावून दाखवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबते. वडिलांच्या अंगठ्याच्या रेषा केव्हाच गेल्यात. पण त्याच्या आदल्याच वर्षी मला कळलं होतं की अंगठा जुळत नसेल तर मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो काढूनही दाखला होतो. त्याच हॉलमध्ये, खांबामागच्या तिसऱ्या खिडकीत. दोन मिनिटांचं काम. वडिलांचं झालं, त्यांना रिक्षात बसवलं आणि राहिलेली छत्री घ्यायला मी परत आत आलो.

पहिल्या खिडकीशी पांढरा हाफ शर्ट दिसला. इस्त्री नव्हती. बिराजदार साहेब बरेच वाळले होते. त्यांनी अंगठा मशीनवर ठेवला.

"जुळत नाही काका, परत ठेवा," खिडकीतली मुलगी म्हणाली. तिच्यापुढे मोठी रांग होती, तिनं मान वर केली नाही.

त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून अंगठा भिजवला, दस्तीनं टिपला, ठेवला. जुळेना. मागचा माणूस त्यांच्या बाजूनं पुढे सरकला. त्यांनी पुन्हा भिजवला. शर्टाच्या पुढच्या भागावर पाणी सांडलं होतं. मी छत्री हातात घेऊन उभा राहिलो आणि हे सगळं पाहिलं. मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

त्यांची नजर माझ्यावर पडली. ओळखायला थोडा वेळ लागला. मग चेहरा उजळला.

"नांदेडकर! देवासारखा आलास बघ." त्यांनी ओला अंगठा मला दाखवला. "तासभर झालं उभा हाय. मशीन बिघडलंय का रे हे?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "मशीन चांगलं हाय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. अंगठ्यावरून पाणी ठिपकत होतं. मग त्यांना आठवलं, आणि मला दिसलं की आठवलं. ओठ जरासे हलले, खडा तोंडात टाकल्यावर हलायचे तसे. "हाव," ते म्हणाले. आणखी काही न विचारता ते खिडकीकडे वळले आणि बाटलीचं झाकण उघडायला लागले.

मी छत्री घेऊन बाहेर आलो. वडील रिक्षात वाट पाहत होते. तिसरी खिडकी साहेबांपासून दहा पावलांवर होती, आणि पुढे काय करायचं एवढंच त्यांनी विचारायचं होतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.